लेडीमेमची बार्लो

शोभाबाईचा चटकन कशावर विश्वास बसायचा नाही. दुधात बोट बुडवून नखावर थेंब थांबतो का, हे बघितल्याशिवाय तिनं उभ्या जन्मात दूध घेतलं नाही. भाजीवाली 'आजचीच आहे, मावशी' म्हणाली की ही हमखास पुढच्या गाडीकडे वळायची. लोक म्हणत, बाईचा स्वभावच संशयी. पण ती धंद्याची सवय होती. अमळनेरकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन ती सुरतेत आली, तेव्हा नवरा लोटू उधन्याला लूमवर होता आणि ती घरबसल्या साड्यांचं धागा कटिंग करायची. साडीच्या उलट्या बाजूला लोंबणारे जादा धागे कात्रीनं कापत राहायचे, एवढंच काम. सात-आठ वर्षं तिनं साड्या फक्त पाठीमागून पाहिल्या. समोरून सगळ्याच साड्या देखण्या दिसतात, खरं-खोटं उलटीकडे कळतं, हे तिच्या हाडीमाशी भिनलं. पुढे माणसांनाही ती तशीच उलटी करून बघायला लागली.

१९८३ साली लोटूच्या उजव्या हाताची दोन बोटं लूममध्ये गेली. लूमवर आता त्याचा उपयोग नव्हता. नानपुऱ्यात, तापीच्या अंगाला, एका पारशी ट्रस्टचा जुना बंगला होता. तिथे तो चौकीदार लागला. मागच्या अंगणातली खोली राहायला मिळाली, आणि खोलीबरोबर शोभाबाईच्या वाट्याला लेडीमेम आली.

लेडीमेम हे गल्लीनं पाडलेलं नाव. कागदोपत्री ती लेडी सिसिली, विलायतेतल्या एका बड्या उमरावाची लेक. तेव्हा सत्तरी ओलांडलेली, उंच, काठीसारखी ताठ. बंगल्याचा मूळ मालक, कापसाचा व्यापारी असलेला एक पारशी शेठ, तिच्यावर भाळला होता म्हणे. मरताना त्यानं लिहून ठेवलं होतं, की लेडी सिसिली जिवंत आहे तोवर बंगला विकायचा नाही आणि तिला कुणी बाहेर काढायचं नाही. ट्रस्टवाल्यांना वाटलं होतं, म्हातारी आणखी किती जगेल? म्हातारी जगत राहिली.

दुपारी शोभाबाई पाय चेपायला बसली की मेम मोडक्यातोडक्या हिंदीत आपल्या तरुणपणच्या गोष्टी सांगायची. अठराव्या वर्षी डोक्यात तीन पांढरी पिसं खोवून, मागे सहा हात लांब झगा ओढत ती राजाराणीपुढे वाकायला गेली होती. लंडनमध्ये बड्या घरची तिशीतली माणसं लहान बाळांचे कपडे घालून, तोंडात बाटल्या धरून नाचायला जमायची. मोटारी भरभरून शहरभर लपवलेल्या चिजा शोधत ही मंडळी बोंबलत फिरायची आणि पोलीस सलाम ठोकून वाट द्यायचे. तिचा फोटो आठवड्याला एकदा तरी छापून यायचा. एका लॉर्डशी लग्न झालं, तीन वर्षांत मोडलं. घरच्यांनी नाक मुरडलं आणि सांगितलं, लांब कुठेतरी जाऊन राहा. बोटीवर शेठ भेटला, तो तिला मुंबईला घेऊन आला, आणि एकोणचाळीस साली, लढाई पेटायच्या जरा आधी, सुरतेला.

शोभाबाई ऐकायची, पण तिची बोटं जणू कात्री धरून उलट्या बाजूचा धागा शोधत असायची.

"मग जेवायला काय होतं तिथं?" एकदा तिनं विचारलं. खानदेशी बाईला मेजवानी म्हटलं की आधी हेच विचारावंसं वाटणार.

मेम म्हणाली, "याद नहीं."

"राजाच्या घरचं जेवण, आन् याद नहीं?"

"बहुत कुछ था," मेम तुटकपणे म्हणाली आणि पाय ओढून घेतले.

नाचात काय वाजत होतं, कोण काय बोललं, हेही तिला धड आठवायचं नाही. पण फरचा कोट ओला झाला की किती जड होतो, ते ठाऊक. पहाटेपर्यंत मालकिणीची वाट बघत दाराबाहेर बसलं की वेताच्या खुर्चीचे वळ मांडीवर कसे उमटतात, तेही ठाऊक. हे वळ म्हणे बार्लोला उठायचे. बार्लो ही मेमची मोलकरीण, अगदी खासगीतली. कपडे चढवणारी, उतरवणारी, केस विंचरणारी. प्रत्येक गोष्टीत बार्लो असायचीच. बार्लोची बोटं थंडीनं फुटली होती. बार्लोला भूक लागली होती. बार्लोनं एका झग्यावरचे चारशे मणी एका दिवसात पुन्हा शिवले.

"बार्लो मूरख थी," मेम म्हणायची, "पर हाथ अच्छा था."

ही बार्लो सुरतेला आल्यावर आठवड्याभरात मुदतीच्या तापानं गेली. ख्रिश्चनांच्या कब्रस्तानात तिच्या नावाचा दगड होता, आणि दर वर्षी ऑगस्टात मेम रिक्षा करून तिथे फुलं घेऊन जायची. शोभाबाई सोबत असायची. मोलकरणीच्या थडग्यावर पंचेचाळीस-पन्नास वर्षं फुलं वाहणारी मालकीण तिनं ना पाहिली होती, ना ऐकली होती. आधी तिला भरून आलं. मग, सवयीप्रमाणे, संशय आला.

"बार्लो म्हणजे तिचं नाव का?" परतताना तिनं विचारलं.

"बाप का नाम. नौकर को बाप के नाम से बुलाते थे."

"आन् तिचं सोताचं?"

रिक्षा चौकात आली. मेम बाहेर बघत म्हणाली, "एडिथ. कोई नहीं बोलता था."

आता कुणाला वाटेल, दोघींचं गूळपीठ जमलं होतं. छे. मेम शोभाबाईवर तितकाच संशय घ्यायची. दर शनिवारी चांदीचे चमचे मोजायची, तेही शोभाबाईला समोर उभं करून. अकरा वर्षं. एकदा चमचा कमी भरला, तर शोभाबाईला कमरेची पिशवी उलटी करून दाखवायला लावली. चमचा पडद्यामागे सापडला. मेम 'सॉरी' म्हणाली नाही, आणि शोभाबाई ते विसरली नाही. वरच्या खोलीतल्या पेटीच्या कडीला मेम एक पांढरा केस गुंडाळून ठेवायची, कुणी उघडली तर कळावं म्हणून. शोभाबाईनं तो पहिल्याच महिन्यात हेरला होता. पेटी काही तिनं उघडली नाही, पण झाडताना रोज केसाकडे बघून ती मनात म्हणायची, चोराच्या मनात चांदणं.

मग १९९४ चा सप्टेंबर आला आणि सुरतेत प्लेग आला.

चार दिवसांत शहराचा रंग बदलला. शेजारी खोकला तरी लोक खिडक्या लावून घ्यायचे. तोंडाला रुमाल बांधल्यावर ओळखीची माणसंही चोरासारखी दिसायची. औषधाच्या दुकानांतून गोळ्या संपल्या, डॉक्टरांनी दवाखाने बंद केले, आणि उधना, लिंबायत, पांडेसरा इथली आपली माणसं मिळेल त्या गाडीला लटकून खानदेशाकडे पळाली. लोटूनं बोचकं बांधलं.

"मेमसाब, तुम भी चलो," शोभाबाई म्हणाली.

"मैं कहाँ जाऊँ?" मेम म्हणाली. कुठे जाऊ, असं एखाद्या उमरावाच्या लेकीनं विचारावं, हे शोभाबाईला चमत्कारिक वाटलं. पण थांबायला वेळ नव्हता. तांदूळ, बटाटे, पाव, घासलेट सगळं मेमच्या हाताशी ठेवून ती भुसावळ पॅसेंजरमध्ये चढली. गावात 'सुरतवाले आले' म्हणून त्यांना आठ दिवस शाळेच्या पडवीत ठेवलं. सख्खी जाऊ भाकरी लांबून सरकवायची. शोभाबाईला त्याचं काही वाटलं नाही, तिनंही तेच केलं असतं. तिला खात होतं ते निराळंच. ऐंशी ओलांडलेल्या, काठी टेकत चालणाऱ्या म्हातारीला आपण मरायला टाकून आलो.

अठरा दिवसांनी ती परतली. दार ढकलताना तिनं पदर नाकाला लावला होता, वास येईल म्हणून.

वास आला तो पॉलिशचा.

बंगला लखलखत होता. दाराच्या पितळी मुठीत तोंड दिसत होतं. जिन्याच्या प्रत्येक पायरीवरची पितळी पट्टी घासलेली. पलंगावरची चादर अशी घातलेली, की चारही कोपरे पाकिटासारखे दुमडलेले. बूट जोडीनं ओळीत, आतून कागद भरलेले. वरची पेटी उघडी होती, मण्यांचे जुने झगे बाहेर टांगलेले, दर घडीत पातळ कागद. शोभाबाईनं एक झगा हळूच उलटा केला. आतून नवं रफू होतं, इतकं बारीक की बोट फिरवलं तरी लागत नव्हतं. सात-आठ वर्षं तिनं उलटी बाजू पाहिली होती. हे काम बघून-बघून आलेलं नव्हतं. हा हात लहानपणापासून घोटलेला होता.

मेम खालच्या खोलीत बसली होती. नखं काळी, गुडघ्यावर फरशीचे चट्टे.

"ये किसने किया?"

"एक औरत आयी थी," मेम म्हणाली.

त्या दिवसांत सुरतेत झाडूवाले उरले नव्हते, औरत कुठली यायला! शोभाबाई मागच्या खोलीत आली आणि लोटूपुढे मटकन बसली.

"ती मडम नही शे," ती म्हणाली. "मना सारखीच मोलकरीण शे ती. मडम मरी गई, कब्रस्तानमा ती शे. आनि ही बार्लो शे."

लोटूनं विडी विझवली. "तुले कोनी सांगं?"

"तिना हातनी."

"उगी ऱ्हाय," लोटू म्हणाला. "ती मडम नही, तं आपलं छप्पर बी नही."

सगळा हिशेब तिला आता जुळत होता. मुंबईहून दोघी आल्या आणि आठवड्यात एक गेली. कोण कुठली, हे सुरतेत ठाऊक असणारा एकटा शेठ. लढाई सुरू, बोटी बंद, विलायतेत बार्लोची वाट बघणारं कुणी नाही. शेठनं दगडावर जिवंत राहिलेलीचं नाव घातलं आणि तिला मेलेलीचं दिलं. दयेनं दिलं की आणखी कशानं, ते त्याचं त्याला माहीत.

पण दया वगैरे शोभाबाईच्या मनात नंतर आली. आधी आला राग, आणि तो मस्तकात गेला. अकरा वर्षं हिनं माझ्यासमोर चमचे मोजले! माझी पिशवी उलटी करायला लावली! बार्लोची पिशवीही कुणीतरी अशीच उलटी केली असणार, तेव्हा कसं वाटतं ते हिला ठाऊक असणार, आणि तरी! मालकिणीनं केलं असतं तर शोभाबाईनं सोसलं असतं. हे तिला सोसवेना.

त्या दिवसापासून दोघी एकमेकींवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवू लागल्या. हिला कळलंय, हे मेमला कळलं होतं. शनिवारी चमचे मोजणं बंद झालं.

डिसेंबरात भाईदास आला. भाईदास ट्रस्टचा कारभारी, गोड बोलणारा, पायातली चप्पल वाजू न देता चालणारा माणूस. बंगल्याची जागा त्याच्या डोळ्यांत भरलेली होती, तिथे सात मजली इमारत उभी राहणार होती. तो आधी मेमला भेटला आणि मग मागच्या अंगणात शोभाबाईकडे.

"जुओ शोभाबेन," तो म्हणाला, "लेडीना भाईनो दीकरो, त्यांचा भाचा, विलायतथी येतोय, परवा. मोठा लॉर्ड आहे. पंचावन्न वर्षांत हिला ओळखणारं एक माणूस आलं नाही. मला पहिल्यापासून शंका आहे. ही लेडी नसेल, तर शेठचं मृत्युपत्र हिला लागू नाही." मग आवाज उतरवून, "तुम्ही अकरा वर्षं घरात आहात. काही ठाऊक असेल तर त्याच्यासमोर सांगा. नव्या बिल्डिंगमध्ये तुमची पक्की खोली, मारी जुबान."

"म्हातारीचं काय होईल?"

"सरकारी घर असतात ने, डोशी लोकांसाठी."

शोभाबाईनं त्याला ताकास तूर लागू दिली नाही. परवा बघू, म्हणाली. पण दोन दिवस ती मनात तेच घोळवत राहिली. पक्की खोली. लोटूचा हात अधू, आज ना उद्या म्हातारी जाणार, मग आपण कुठे? आणि खोटं आपण थोडंच बोलणार होतो? खरं तेच सांगायचं होतं. मन एवढं समजावूनही तिला जेवण गोड लागेना.

पाहुणा यायचा त्या सकाळी तिनं भाकर थापली. लांबून कुणी घरी आलं की उंबऱ्यावर भाकरतुकडा आणि पाणी ओवाळून टाकायचं, वाटेतली नजरबाधा बाहेरच राहते. पाहुणा कुणाचा का असेना, सांगायचं काय का असेना, रीत ती रीत. ताटलीत तुकडा आणि तांब्या घेऊन ती दाराकडे निघाली, तोवर मोटार थेट पोर्चमध्ये आली आणि भाईदास पाहुण्याला घेऊन तिच्या आधी आत शिरलासुद्धा.

पाहुणा साठीतला, गोरा, ढगळ सुटातला, दमलेला माणूस. त्यानं खोलीत पाऊल टाकलं, आणि लेडीमेम उभी राहिली.

तिला कुणी हात दिला नव्हता. काठी खुर्चीला टेकलेली होती. एरवी उठायला जिला दोनदा दम घ्यावा लागे, ती म्हातारी एका झटक्यात उठली, दोन पावलं मागे सरकून भिंतीशी गेली, हात पोटावर एकमेकांत, नजर पाहुण्याच्या बुटांवर. अशी ती उभी राहिली.

भाईदासच्या कपाळावर आठी चढली. बड्या घरची आत्या भाच्यासाठी अशी उभी राहत नाही, हे त्यालाही समजत होतं. त्यानं वळून शोभाबाईकडे पाहिलं. बोला आता, असं ते पाहणं होतं.

शोभाबाई मात्र मेमचे हात बघत होती. ते तिचेच हात होते. पदराचं टोक धरून, खाली बघत, शेठाणींच्या, मुकादमांच्या, डॉक्टरांच्या दारात ती आयुष्यभर अशीच उभी राहिली होती. शनिवारी चमच्यांसमोर अशीच उभी राहिली होती. अकरा वर्षांचा राग तिथेच विरघळला. तिला एवढंच कळलं, की हे उभं राहणं या दोन पुरुषांनी बघता कामा नये.

ती तरातरा पुढे गेली आणि ताटली मेमच्या हातांत कोंबली.

"मेमसाब, कबसे खडे हो! उतारो जल्दी!" आणि भाईदासकडे वळून म्हणाली, "आत्याचा, तुमच्यातल्या फोईचा मान असतो ना, भाईदासभाई! भाचा पहिल्यांदा घरी आला. बसून नाही ओवाळत. सकाळपासून शिकवतेय त्यांना."

भाईदास गुजराती माणूस. फोई म्हटल्यावर त्याच्या घरच्या दहा लग्नांतल्या दहा फोया त्याच्या डोळ्यांपुढे आल्या असणार. आठी सैल झाली.

मेम ताटलीकडे बघत होती. एक क्षण शोभाबाईला वाटलं, संपलं, म्हातारीच्या हातून ताटली पडणार. मग मेमनं हनुवटी वर केली. शोभाबाईला गावाहून आलेल्या पाहुण्यांवर ओवाळताना तिनं खिडकीतून कितीदा तरी पाहिलं होतं. तुकडा तिनं त्या लॉर्डच्या डोक्याभोवती तीनदा फिरवला, पाणी ओवाळलं, आणि ताटली न बघताच बाजूला धरली, कुणीतरी ती घेणारच आहे अशा खात्रीनं. शोभाबाईनं घेतली. मेम इंग्रजीत काहीतरी करड्या सुरात बोलली. पाहुणा आधी गांगरला, मग हसला आणि पुढे होऊन त्यानं तिच्या गालाचा मुका घेतला.

चहा झाला. पाहुण्यानं खिशातून एक जुना फोटो काढला. बोटीच्या शिडीवर फर घातलेली एक हसरी बाई आणि तिच्या मागे, अर्धी पुसट, हातात दोन बॅगा घेतलेली पोर. भाईदास मान वाकडी करून बघत होता. त्यानं मागच्या पोरीवर बोट ठेवून काही विचारलं. मेम शांतपणे उत्तरली. त्या सगळ्या इंग्रजीत शोभाबाईला एकच शब्द समजला, बार्लो. बोलताना मेमचा अंगठा त्या पुसट तोंडावर आला आणि तिथेच राहिला.

निघताना भाईदास पोर्चमध्ये शोभाबाईजवळ थांबला. "शोभाबेन, काही सांगायचं होतं ने?"

"काय सांगू? तुमच्या देखत फोईनं ओवाळलं."

तो तिच्याकडे बघत राहिला. त्याचा विश्वास बसला नव्हता, आणि आता कधी बसणारही नव्हता. पण पाहुणा मोटारीत बसून हात हलवत होता, म्हणून त्यालाही बसावं लागलं. पक्की खोली त्यांच्याबरोबर फाटकातून बाहेर गेली.

शोभाबाई आत आली. मेम पुन्हा भिंतीशी जाऊन उभी होती. शोभाबाईनं तिला दंडाला धरून खुर्चीत बसवलं, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा स्वतः समोरच्या खुर्चीत बसली.

"गेला तो," ती म्हणाली. "आता टेका, एडिथबाई."

मेमनं दचकून दाराकडे पाहिलं. मग खिडकीकडे. मग पुन्हा दाराकडे.

"दरवाज़ा बंद है?"

"बंद है."

"भाईदास गया?"

"गया."

म्हातारीनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं.

"फिर से बोलो," ती म्हणाली.